फ्रिजला तेल ओळखता येत नाही

दौंड–सोलापूर लोहमार्गावरचं केम हे करमाळा तालुक्यातलं गाव महाराष्ट्राला कुंकवासाठी माहीत आहे. गावाबाहेर पडलं की मात्र शेती कोरडवाहू रब्बीची. काळ्या रानात ज्वारी उभी असते आणि जनावरं आत शिरू नयेत म्हणून तिच्या कडेनं करडईचे काटेरी पट्टे पेरायची सोलापूरकडची जुनी रीत आहे. त्या करडईचं तेल या भागाच्या जेवणातलं मूळचं तेल. मधल्या काळात रिफाइंडच्या पिशव्यांनी ते मागे ढकललं. आता लाकडी घाण्याच्या नावानं ते पुन्हा बाटलीत आलं आहे. त्याच्याबरोबर एक समजही आला आहे. तेल शुद्ध आहे की नाही हे घरच्या घरी कळतं, त्यासाठी प्रयोगशाळा कशाला? वाटीभर तेल फ्रिजमध्ये ठेवा, तळहातावर चोळून वास घ्या, कढईत फेस किती येतो ते पाहा, झाली परीक्षा.

हा समज चुकीचा आहे आणि निरुपद्रवीही नाही. त्याचा सर्वांत मोठा फटका बसतो तो खरी करडई खऱ्या घाण्यात घालून खरं तेल विकणाऱ्याला. कारण ज्या कसोटीवर खोटं तेल सहज उतरतं आणि खरं तेल कधी कधी नापास होतं, त्या कसोटीवर त्याच्या प्रामाणिकपणाची किंमत शून्य ठरते.

फ्रिजच्या चाचणीपासूनच सुरुवात करू. ही चाचणी हवेतून आलेली नाही. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणानं घरगुती भेसळ तपासणीची जी पुस्तिका काढली, तिच्यात खोबरेल तेलासाठी हा उपाय दिला आहे. खोबरेल काचेच्या पेल्यात घेऊन अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायचं. खोबरेल गोठतं आणि दुसरं तेल मिसळलं असेल तर त्याचा थर वेगळा राहतो. खोबरेलात जवळपास निम्मा वाटा लॉरिक आम्लाचा असतो आणि ते तेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली घट्ट होतं, म्हणून हा उपाय त्या एका तेलापुरता बरा चालतो. पुढे तोंडोतोंडी आणि मोबाइलवरून फिरताना त्यातला ‘खोबरेल’ हा शब्द गळून गेला आणि चाचणी सगळ्या तेलांना लागू झाली. आता तिची दोन परस्परविरोधी रूपं फिरतात. एक म्हणतं, शुद्ध तेल गोठतं. दुसरं म्हणतं, भेसळीचं तेल गोठतं.

करडईवर ही चाचणी लावून पाहावी. शुद्ध करडई तेल घरच्या फ्रिजमध्ये पातळच राहतं. सोयाबीनचं तेलही पातळ राहतं, सूर्यफुलाचंही. म्हणजे करडईत निम्मं सोयाबीन ओतलं तरी फ्रिजमधल्या वाटीत काहीच वेगळं दिसणार नाही. उलट घाण्यावरचं अस्सल शेंगदाणा तेल थंडीत गढूळ होतं, घट्टही होतं. त्याचं कारण भेसळ नव्हे. शेंगदाण्यात ॲराकिडिक, बेहेनिक आणि लिग्नोसेरिक ही लांब साखळीची संपृक्त मेदाम्लं निसर्गतःच थोड्या प्रमाणात असतात आणि गारव्यात तीच आधी साकळतात. ही मेदाम्लं म्हणजे शेंगदाणा तेलाची ओळखखूण. फ्रिजच्या न्यायालयात मात्र तोच पुरावा त्याच्या विरुद्ध वापरला जातो. पामतेलाची मोठी भर असेल तर फ्रिज काहीतरी दाखवील, हे मान्य. पण जो भेसळ करतो त्याला कोणतं तेल गोठतं आणि कोणतं नाही हे गिऱ्हाइकापेक्षा जास्त ठाऊक असतं.

फेसाची गोष्टही अशीच. घाण्याच्या, न गाळलेल्या तेलात फॉस्फोलिपिडं आणि थोडा ओलावा असतो, त्यामुळे ते तापवताना फेसाळतं. रिफायनरीत हे घटक काढून टाकतात, म्हणून रिफाइंड तेल कमी फेसाळतं. फेसावरून फार तर तेलावर किती प्रक्रिया झाली याचा अंदाज येईल. ते तेल करडईचं की आणखी कशाचं, हे फेस सांगत नाही.

यावर हमखास येणारं उत्तर असं: आमच्या आज्या-पणज्यांनी कुठल्या प्रयोगशाळेत तेल नेलं होतं? नाकानं आणि जिभेनं त्यांना सगळं कळत होतं. या म्हणण्याला मान द्यायला हवा, कारण ते त्या काळापुरतं खरं होतं. त्या घरात करडई स्वतःच्या रानातली होती, घाणा गावातला होता, पेंड आपल्याच बैलांसमोर पडत होती. तेलात मिसळायला स्वस्त, रंगहीन, गंधहीन असं दुसरं तेल बाजारात नव्हतंच. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग आयात होतो. पामतेल, सोयाबीन आणि सूर्यफूल हीच त्यातली मुख्य तेलं. रिफायनिंगमध्ये त्यांचा रंग, वास, चव सगळं काढून टाकलेलं असतं. असं तेल घाण्याच्या तेलात मिसळलं की वास घाण्याचाच येतो, थोडा सौम्य इतकाच. अनुभवी नाक आजही खवटपणा अचूक पकडतं आणि ते कसब मोलाचं आहे. पण ज्याला वासच ठेवलेला नाही त्याचा वास नाकानं घ्यावा तरी कसा? हळदीपासून केलेलं कुंकू आणि रंग दिलेली भुकटी चिमटीत सारखीच लाल दिसते, हे केमच्या कारागिराला कोणी शिकवावं लागत नाही. तेलाच्या बाबतीत मात्र आपण नजरेवर आणि नाकावर अजूनही डोळे मिटून विसंबतो.

मग तेल ओळखायचं कशावरून? तेल म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेली मेदाम्लं, ही गोष्ट फ्रान्सच्या शेव्हरलनं 1823 सालच्या आपल्या ग्रंथात प्रयोगांनिशी मांडली. कोणत्या बीत कोणती मेदाम्लं किती, हे त्या पिकाच्या वंशातच ठरलेलं असतं. करडईच्या नेहमीच्या तेलात लिनोलेइक आम्ल साधारण 68 ते 83 टक्के, ओलेइक 8 ते 21 टक्के आणि पामिटिक 5 ते 8 टक्के असतं, असं आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानक सांगतं. सोयाबीनमध्ये लिनोलेइक 60 टक्क्यांच्या आत राहतं आणि करडईत जवळजवळ नसलेलं लिनोलेनिक आम्ल साडेचार ते अकरा टक्के असतं. पामोलीनमध्ये, म्हणजे पामतेलाच्या पातळ भागात, पामिटिकच चाळीस टक्क्यांच्या आसपास असतं. मोहरीला एरुसिक आम्लावरून ओळखतात, खोबरेलाला लॉरिकवरून. वाण, जमीन आणि दाणा भरतानाची थंडी यांनी आकडे थोडे हलतात, म्हणून मानकात एक आकडा न देता पल्ला दिलेला असतो. पण पल्ल्यांची ही चौकट मोडून सोयाबीन करडई होऊ शकत नाही.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो प्रयोगशाळेच्या आतूनच येतो. काही जुनेजाणते म्हणतात, एवढं महाग यंत्र हवंच कशाला? आयोडीन मूल्य आणि साबणीकरण मूल्य काढा, तेल कळतं. साबणीकरण मूल्याची पद्धत 1879 सालची. तेल साबण व्हायला किती अल्कली खातं यावरून साखळ्यांची सरासरी लांबी त्यातून कळते. ह्यूब्लनं 1884 मध्ये आयोडीन मूल्य दिलं, 1898 मध्ये वाइसनं त्यासाठी अधिक भरवशाचं द्रावण दिलं. तेलातल्या दुहेरी बंधांवर आयोडीन जाऊन बसतं. जितकं जास्त बसेल तितकं तेल असंपृक्त. ब्यूरेट, फ्लास्क आणि शिकलेला हात एवढ्यावर ही कामं होतात. कारखान्यात रोजच्या देखरेखीला ती आजही लागतात.

पण त्यांच्या हातात शेवटी येते ती सरासरी, आणि सरासरी जुळवता येते. साधं गणित करून पाहू. सोयाबीन तेलाचं आयोडीन मूल्य 130 च्या आसपास, पामोलीनचं 58 च्या आसपास. दोन्ही निम्मं निम्मं मिसळलं की सरासरी येते 94. भारतीय मानकात शेंगदाणा तेलाचं आयोडीन मूल्य 85 ते 99. साबणीकरण मूल्यही 195 च्या जवळपास येतं आणि शेंगदाण्याची मर्यादा आहे 188 ते 196. म्हणजे एकही शेंगदाणा न फोडता ‘शेंगदाणा तेल’ या दोन्ही कसोट्यांवर पास! हेच मिश्रण मेदाम्लनिहाय तपासलं तर पामिटिक 25 टक्क्यांपर्यंत चढलेलं दिसेल. शेंगदाण्यात ते 14 च्या आत असतं. लिनोलेनिक तीन-साडेतीन टक्के निघेल, शेंगदाण्यात ते जवळजवळ नसतंच. आणि बेहेनिक-लिग्नोसेरिकची ओळखखूण गायब असेल. तीन ठिकाणी चोरी पकडली जाते.

जुन्या रसायनतज्ज्ञांनाही सरासरीचा हा दुबळेपणा ठाऊक होता. म्हणूनच शेंगदाण्यासाठी त्यांनी बेलिअरची चाचणी ठेवली. तेलाचं साबणीकरण करून, ठरलेल्या मापाच्या अल्कोहोल आणि ॲसेटिक आम्लात ते हळूहळू थंड करायचं आणि कोणत्या अंशाला गढूळपणा येतो ते थर्मामीटरवर वाचायचं. भारतीय मानकात शेंगदाण्याला हा आकडा 39 ते 41 अंश सेल्सिअस आहे. थंड करून पाहण्याची कल्पना शास्त्रशुद्ध करायची तर द्रावण, मापं, वेग आणि तापमान इतकं सगळं बांधून घ्यावं लागतं. फ्रिजमधल्या वाटीत यातलं काहीच बांधलेलं नसतं.

करडईच्या बाबतीत सरासरीची फसगत आणखी सोपी आहे. करडईचं आयोडीन मूल्य मानकानुसार 135 ते 148. चांगल्या 143 च्या तेलात वीस टक्के सोयाबीन मिसळलं तर आकडा 140 च्या थोडा वर राहतो, म्हणजे पुन्हा पास. मेदाम्लांच्या तपासणीत मात्र लिनोलेनिक आम्ल सव्वा-दीड टक्क्यावर दिसतं आणि प्रश्न मिटतो, कारण करडईला ते आपल्या बळावर शक्य नाही.

ही तपासणी गॅस क्रोमॅटोग्राफीनं होते. या पद्धतीचा जन्मच मुळी मेदाम्लांच्या निमित्तानं झाला. लंडनच्या मिल हिलमधल्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत ए. टी. जेम्स आणि ए. जे. पी. मार्टिन यांनी 1952 साली वायू-द्रव क्रोमॅटोग्राफीचा पहिला निबंध प्रसिद्ध केला तो बाष्पशील मेदाम्लं एकमेकांपासून वेगळी करून दाखवण्याचाच होता. आजची रीत अशी: तेलाचे काही थेंब हेक्झेनमध्ये विरघळवतात, त्यात मिथेनॉलमधलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून जोरानं हलवतात. मेदाम्लं ग्लिसरॉल सोडून मिथेनॉलला जोडली जातात आणि सहज वाफ होणारे मिथाइल एस्टर तयार होतात. वरच्या थरातलं एक मायक्रोलिटर यंत्रात सोडायचं. आत केसासारख्या बारीक पोकळीची, तीस ते शंभर मीटर लांब, वेटोळी नळी तापत्या भट्टीत असते. हेलियम किंवा हायड्रोजनच्या प्रवाहाबरोबर एस्टर तिच्यातून पुढे सरकतात. आखूड साखळीचे आधी बाहेर पडतात, लांब साखळीचे नंतर. दुहेरी बंध किती आणि कुठे आहेत त्यानुसार प्रत्येकाची वेळ वेगळी. टोकाशी हायड्रोजनची बारीक ज्योत असते. तिच्यात जो जळतो त्याची नोंद कागदावर एका शिखराच्या रूपात उमटते. शिखराची वेळ ओळख सांगते, क्षेत्रफळ प्रमाण सांगतं.

सोलापूर जिल्ह्याला या सगळ्याशी देणंघेणं असण्याचं कारण करडईच्याच इतिहासात आहे. 1957 साली ‘नेचर’ नियतकालिकात होरोविट्झ आणि विंटर यांनी एका नव्या करडई तेलाची नोंद केली, ज्याचं आयोडीन मूल्य नेहमीपेक्षा फार कमी होतं. पुढे कॅलिफोर्नियात पॉल्डन नोल्स यांनी भारतातून गेलेल्या करडईतून निवडलेल्या अशाच कमी आयोडीन मूल्याच्या झाडांचा अनुवंश तपासला; नोल्स आणि मुतवकिल यांचा तो निबंध 1963 चा आहे. या करडईत मेदाम्लांची पाळी उलटलेली होती. लिनोलेइकच्या जागी ओलेइक मुख्य झालं होतं. त्यातूनच 1966 मध्ये यूसी-1 हा उच्च ओलेइक वाण आला आणि करडई तेलाची एक नवी जात जगाच्या बाजारात उभी राहिली. कोडेक्समध्ये आज तिच्यासाठी वेगळा रकाना आहे: ओलेइक 70 ते 83.7 टक्के. या इतिहासात आयोडीन मूल्यानं शंकेची घंटा वाजवली, हे त्याचं श्रेय. पण ती वाजली कशामुळे, हे मेदाम्लं एकेक करून मोजल्यावरच कळलं. बियाणं भारतातलं, ओळख पटली परदेशी प्रयोगशाळेत.

महाराष्ट्रात करडईवर काम झालेलं नाही असं नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सोलापूर केंद्रानं ‘भीमा’ आणि ‘फुले कुसुमा’सारखे वाण दिले, फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं ‘नारी-6’ हा बिनकाट्याचा वाण दिला. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत आणि नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत तेलतंत्रज्ञान पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं जातं. कमी आहे ती या ज्ञानाची आणि आठवडी बाजारातल्या बाटलीची गाठ पडण्याची. केममधल्या शेतकऱ्यानं उद्या उच्च ओलेइक करडई पेरली तर तिचा दाणा नेहमीच्या करडईसारखाच पांढरा दिसेल. तिचं तेल जास्त टिकाऊ, तळणाला जास्त सोसणारं आणि म्हणून जास्त किमतीचं असेल, पण ती किंमत मागायला त्याच्या हातात पुरावा लागेल. शेंगदाण्यात हे घडू लागलंच आहे. जुनागढच्या भुईमूग संशोधन संस्थेतून आलेल्या ‘गिरनार 4’ आणि ‘गिरनार 5’ या वाणांत ओलेइक आम्ल 80 टक्क्यांच्या आसपास आहे.

आता दुसऱ्या टोकाच्या भाबडेपणाचाही प्रतिवाद करायला हवा. ‘लॅब रिपोर्ट आहे’ एवढं म्हटलं की प्रश्न संपतो, असं मानणारेही वाढत आहेत. गॅस क्रोमॅटोग्राफी जे विचारलं त्याचंच उत्तर देते. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याचं तेल मिसळल्यानं जलशोथाची साथ आली, साठाहून अधिक माणसं गेली. धोतऱ्याचं विष म्हणजे सँग्विनारिन हे अल्कलॉइड, ते मेदाम्ल नव्हे. त्याच्यासाठी वेगळी चाचणी करावी लागते. स्पेनमध्ये 1981 साली कारखान्यासाठी ॲनिलीन घालून खाण्यास अयोग्य केलेलं रेपसीड तेल खाद्यतेल म्हणून विकलं गेलं. वीस हजारांच्या आसपास लोक आजारी पडले, शेकडो दगावले. तिथेही दोष रेपसीडच्या मेदाम्लांच्या प्रमाणात नव्हता, त्यात घातलेल्या रसायनात आणि त्यातून बनलेल्या विषारी संयुगांत होता. तेल किती खवट झालं आहे हेसुद्धा मेदाम्लांच्या तक्त्यातून कळत नाही. त्याला पेरॉक्साइड मूल्य आणि आम्ल मूल्य हवं. करडईसारख्या लिनोलेइकनं भरलेल्या तेलाला तर ते हवंच, कारण लिनोलेइक आम्ल हवेतल्या ऑक्सिजनशी ओलेइकच्या कितीतरी पट वेगानं संयोग पावतं.

तक्त्यात आणखी एक खोच असते. बहुतेक अहवालांत सगळ्या शिखरांच्या क्षेत्रफळांची बेरीज शंभर धरून टक्केवारी काढलेली असते. तेलात दहा टक्के खनिज तेल असलं तर त्याचे मिथाइल एस्टर होतच नाहीत, त्यामुळे ते या टक्केवारीत धरलं जात नाही. उरलेल्या नव्वद भागांची बेरीज पुन्हा शंभर करून छापली जाते आणि तक्ता निर्दोष दिसतो. यावर उपाय आहे. तेलात जे नसतं असं एखादं मेदाम्ल, उदाहरणार्थ सतरा किंवा एकोणीस कार्बनचं, मोजून मिसळायचं. त्याच्या शिखराशी तुलना केली की शंभर मिलिग्रॅम नमुन्यात खरोखर किती मेदाम्लं होती हे वजनात कळतं. जोडीला असाबणीय पदार्थ मोजला की खनिज तेल लपत नाही. तेल खवट होऊन मेदाम्लं सुटी झाली असतील तर नुसत्या अल्कलीच्या पद्धतीत त्यांचे एस्टर होत नाहीत. तिथे आम्ल किंवा बोरॉन ट्रायफ्लोराइडची पद्धत लागते. ट्रान्स मेदाम्लं मोजायची तर लांब नळी लागते, नाहीतर ट्रान्स आणि सिस यांची शिखरं एकमेकांत मिसळतात. भारतात जानेवारी 2022 पासून तेल आणि वनस्पती तुपात ट्रान्स मेदाम्लांची मर्यादा 2 टक्के आहे. ती पाळली जाते की नाही हे आखूड नळीवर धड कळणारही नाही.

आणि करडईची एक अडचण लपवण्यात अर्थ नाही. सूर्यफुलात लिनोलेइक 48 ते 74 टक्के असतं. 77 टक्क्यांच्या करडईत 60 टक्क्यांचं सूर्यफूल शंभरात वीस भाग मिसळलं तर आकडा येतो साडेत्र्याहत्तरच्या आसपास, म्हणजे करडईच्या पल्ल्याच्या आत. फक्त मेदाम्लांवर विसंबलं तर ही भेसळ सुटू शकते. तिच्यासाठी स्टेरॉलांची तपासणी आणि अखंड ट्रायग्लिसराइडांची द्रव क्रोमॅटोग्राफी यांची साथ घ्यावी लागते. यावरून ‘मग प्रयोगशाळेचा उपयोग काय’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे एका चाचणीची मर्यादा दाखवून सगळं मोजमापच फेकून देणं. सोयाबीन, पाम, सरकी आणि मोहरी पकडणारी चाचणी सूर्यफुलापाशी अडते म्हणून तिच्या जागी यातलं काहीच खात्रीनं न पकडणारा फ्रिज बसवता येत नाही.

तेल पोटात गेल्यावर काय होतं, याबद्दलचे दावेही याच पद्धतीनं तपासावे लागतात. करडई तेल ‘हृदयाला उत्तम’ हे वाक्य आपल्याकडे अनेक वर्षं छापलं जात आलं आहे. बाटलीतलं लिनोलेइक मोजून ते सिद्ध होत नाही. शरीरातल्या पेशींनी त्या मेदाम्लाचं काय केलं ते पाहायचं तर पेशींमधली मेदाम्लं मोजावी लागतात. तिथे काम जास्त नाजूक. फोल्च आणि सहकाऱ्यांनी 1957 मध्ये क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलच्या दोनास एक मिश्रणानं ऊतींतून मेद काढण्याची रीत दिली. ब्लाय आणि डायर यांनी 1959 मध्ये माशांवर काम करताना ती कमी द्रावकात बसवली. काढलेला मेद हवेनं बिघडू नये म्हणून प्रतिऑक्सिकारक घालायचं, नमुने अतिथंड ठेवायचे, मग पुन्हा तेच मिथाइल एस्टर आणि तीच नळी. तांबड्या रक्तपेशी सुमारे 120 दिवस जगतात, म्हणून त्यांच्या आवरणातली मेदाम्लं कालच्या जेवणापेक्षा गेल्या काही महिन्यांच्या आहाराची साक्ष देतात. पुण्यात भारती विद्यापीठाच्या ‘इरशा’ संस्थेत डॉ. साधना जोशी यांच्या गटानं गरोदर स्त्रियांच्या रक्तपेशी आणि वारेतली मेदाम्लं मोजून, गर्भारपणातल्या रक्तदाबाच्या आजारात डीएचए या मेदाम्लाचं काय होतं यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. मराठी घरांतल्या आहाराबद्दल ठामपणे बोलायचं तर अशी मोजमापं हाताशी लागतात.

मोजणी अप्रिय उत्तरही देते. सिडनीत 1966 ते 1973 या काळात हृदयविकाराचा झटका किंवा तीव्र त्रास होऊन गेलेल्या 458 पुरुषांवर प्रयोग झाला. एका गटाला संपृक्त मेदाऐवजी करडईचं तेल आणि त्याचंच मार्गारिन देण्यात आलं. हरवलेली मानलेली आकडेवारी पुन्हा हाती आल्यावर 2013 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं जे विश्लेषण छापलं त्यात करडईच्या गटात मृत्यू जास्त निघाले: 17.6 टक्के, दुसऱ्या गटात 11.8 टक्के. मार्गारिनमधल्या ट्रान्स मेदाम्लांचा त्यात किती हात होता यावर तज्ज्ञांत वाद आहे आणि एका प्रयोगावरून करडई वाईट ठरत नाही. पण ‘अमृत’ म्हणून तेल विकणाऱ्यांनी हा वाद ग्राहकापासून लपवू नये. करडईचा अभिमान बाळगायला तिच्याबद्दल खोटं बोलावं लागत नाही.

उरतो खर्चाचा आक्षेप. गॅस क्रोमॅटोग्राफ घाणेवाल्यानं विकत घ्यावा असं कोणी म्हणत नाही. तपासणीला काही मिलिलिटर तेल लागतं, ते बाटलीतून पाठवता येतं आणि एका घाणीच्या, म्हणजे एका लॉटच्या, सगळ्या बाटल्यांसाठी एकच नमुना पुरतो. करमाळा आणि माढ्याकडच्या शेतकरी उत्पादक कंपन्या हा खर्च वाटून घेऊ शकतात. ‘अहवाल विकत मिळतो’ हा संशयही योग्य प्रश्न विचारूनच दूर होतो. नुसत्या ‘पास’ या शिक्क्यावर समाधान मानू नये. नमुन्याचा लॉट क्रमांक, तपासणीची तारीख, वापरलेली पद्धत, प्रत्येक मेदाम्लाची टक्केवारी, मूळ आलेख आणि प्रयोगशाळेची एनएबीएल मान्यता एवढं एका पानावर मागावं. असा कागद बनावट करणं अवघड असतं, कारण दुसरी प्रयोगशाळा त्याच लॉटची बाटली तपासून तो खोडू शकते.

अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ऑगस्ट 2020 मध्ये देशभरातून साडेचार हजारांच्या आसपास तेलाचे नमुने घेतले, तेव्हा सुरक्षिततेच्या कसोटीवर अडीच टक्क्यांच्या आसपास नमुने नापास झाले, पण दर्जाच्या कसोटीवर जवळपास चौथा हिस्सा घसरला. ही दरी कुठल्याच स्वयंपाकघरात दिसली नसती.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. सोलापूर जिल्ह्यात, जिथे करडई पिकते आणि जिथे तिच्यावर संशोधन होतं तिथेच, घाण्याच्या तेलाच्या मेदाम्लांची परवडेल अशा शुल्कात तपासणी करून देणारी सोय कृषी विद्यापीठानं आणि अन्न व औषध प्रशासनानं मिळून उभी करावी. घाणेवाल्यांनी लॉटनिहाय अहवाल दुकानात लावावा. आणि ग्राहकांनी करडई तेलाची पुढची बाटली घेताना फ्रिजची गोष्ट सोडून दुकानदाराकडे लिनोलेइक, पामिटिक आणि लिनोलेनिक या तीन आकड्यांचा कागद मागावा.